'द ग्रेप्स ऑफ रॉथ' कशी अभ्यासावी: हिशेब, रस्ता आणि मधली प्रकरणं

निळी_शाई

स्टाइनबेकची 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' इंग्रजी साहित्याच्या अनेक अभ्यासक्रमांत असते, वाचनगटही ती घेतात. तयार नोट्समध्ये मात्र 'माणुसकी', 'कुटुंब', 'अमेरिकन स्वप्न' एवढ्यातच तिची बोळवण केलेली दिसते. ओक्लाहोमातली जमीन सुटल्यावर टॉम जोड (Joad) आणि त्याचं कुटुंब कामाच्या शोधात कॅलिफोर्नियाला निघतं, त्याची ही गोष्ट. ही कादंबरी पैशांची, यंत्रांची आणि रस्त्याची आहे, आणि त्या बाबतीत कमालीची काटेकोर आहे. कोण कोणाला किती सेंट देतो याकडे दुर्लक्ष झालं की तिच्यातला संताप कुठून उसळतो ते कळतच नाही. म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी.

आधी रचना. एकूण ३० प्रकरणं. त्यातली १४ जोड कुटुंबाची. उरलेल्या १६ प्रकरणांत जोड कुटुंब येतच नाही, तिथे सगळा समूह बोलतो. पानं मोजली तर ही १६ प्रकरणं मिळून पुस्तकाचा जेमतेम सहावा भाग होतात. विषम आकड्याचं प्रकरण समूहाचं आणि सम आकड्याचं कुटुंबाचं, असा क्रम सुरुवातीला चालतो. तो दोन ठिकाणी बिघडतो: ११-१२ आणि १४-१५ ही समूहाची प्रकरणं लागोपाठ येतात. पहिली जोडी घर सुटतं तिथे, दुसरी लोक रस्त्याला लागल्यावर. त्यानंतर १६ पासून पुन्हा सम प्रकरणं कुटुंबाची.

वाचताना वहीत चार रकाने करा: प्रकरण, ठिकाण, सोबत कोण आहे, आणि पैसा. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. घरातलं आणि शेतावरचं सगळं सामान विकून जोड मंडळींना १८ डॉलर मिळतात. निघताना गाठीला एकूण १५४ डॉलर, आणि माणसं १३: घरची १२ आणि तेरावा जिम केसी, म्हणजे धर्मोपदेशकाचं काम सोडलेला माणूस. इथून पुढे प्रत्येक मुक्कामावर पैसे किती राहिले आणि माणसं किती राहिली, दोन्ही लिहीत जा. आजोबा १३व्या प्रकरणात वारतात. १८व्यात टॉमचा मोठा भाऊ नोआ निघून जातो आणि आजी वारते, २०व्यात बहिणीचा, म्हणजे रोझ ऑफ शॅरनचा, नवरा कॉनी निघून जातो. केसीला २०व्यात अटक होते आणि २६व्यात त्याचा खून होतो. टॉम २८व्यात निघून जातो, धाकटा भाऊ अल ३०व्यात मागे थांबतो. शेवटच्या कोठारात पोचतात ती सहाच माणसं. हा तक्ता असला की 'कुटुंबाचं विघटन' या प्रश्नावर नुसत्या विशेषणांवर वेळ मारून न्यावी लागत नाही.

घाटवाट

उत्तम सुरुवात. रस्त्याबद्दल थोडं. नकाशा काढल्याशिवाय १२ ते १८ ही प्रकरणं वाचूच नयेत. ओक्लाहोमाच्या पूर्व टोकाला सॅलिसॉ. तिथून ओक्लाहोमा सिटी. मग हायवे ६६ ने टेक्ससमधलं शॅमरॉक आणि अमरिलो, न्यू मेक्सिकोत टुकुमकेरी, अल्बुकर्की, गॅलप, ॲरिझोनात फ्लॅगस्टाफ आणि किंगमन, मग कोलोरॅडो नदी ओलांडून नीडल्स. नीडल्स म्हणजे कॅलिफोर्निया आलं, पण मोहावीचं वाळवंट अजून पुढेच असतं. ते रात्रीतून ओलांडतात, डॅगेटला शेतमाल तपासणीचं नाकं लागतं, टेहाचापीच्या घाटातून खाली हिरवं खोरं दिसतं आणि पुढे बेकर्सफील्ड.

नाक्यावर मा (टॉमची आई) अधिकाऱ्यांना सांगते की म्हातारी फार आजारी आहे, गाडी पुढे जाऊ द्या. आजी तेव्हा गेलेली असते. मा रात्रभर तिच्याशेजारी पडून असते आणि घाटातून खोरं दिसल्यावरच सगळ्यांना सांगते. नाक्याची जागा आणि खोऱ्याची जागा नकाशावर पाहिली की तिने ते ओझं किती लांबपर्यंत एकटीने वाहिलं ते समजतं.

आणखी एक गोष्ट हमखास निसटते. टॉम मॅकॲलेस्टरच्या तुरुंगातून पॅरोलवर सुटलेला आहे. सात वर्षांची शिक्षा, त्यातली चार भोगलेली. राज्याची सीमा ओलांडली त्या क्षणी त्याने पॅरोलची अट मोडली. म्हणजे कॅलिफोर्नियात कुठल्याही साध्या भांडणात पोलिसांनी धरलं आणि चौकशी झाली तर तो परत तुरुंगात. हूव्हरव्हिलमध्ये (बेघर मजुरांच्या झोपड्यांची वस्ती) केसी आपण होऊन पुढे होतो आणि टॉमऐवजी स्वतः अटक करून घेतो, त्याचं कारण हे आहे. ते न सांगता 'केसीचा त्याग' लिहिला तर उत्तर अर्धवट राहतं.

बांधावरची_बोर

धूळवादळाबद्दल लिहायला हवं, कारण सगळ्यात जास्त चुका तिथे होतात. 'डस्ट बोलमुळे जोड कुटुंब उद्ध्वस्त झालं' हे वाक्य बहुतेक प्रत्येक उत्तरपत्रिकेत असतं. डस्ट बोल म्हणजे १९३० च्या दशकातला धूळवादळांचा प्रदेश. डस्ट बोलचा गाभा होता ओक्लाहोमाचा पश्चिमेकडचा चिंचोळा पट्टा, त्याला लागून टेक्सस, कॅन्सस, कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिकोचे भाग. १४ एप्रिल १९३५ चं कुप्रसिद्ध काळं वादळ याच पट्ट्यातलं. सॅलिसॉ पार दुसऱ्या टोकाला, आर्कान्सॉच्या हद्दीजवळ, कापसाच्या मुलखात. तिथली माणसं बाहेर पडली ती दुष्काळ, पडलेले भाव आणि कूळपद्धत यांच्या एकत्रित माराने. १९३३ च्या शेती कायद्याने कापसाचं क्षेत्र कमी करण्यासाठी जमीनमालकांना पैसे दिले. मालकांनी कुळं आणि वाटेकरी काढले, त्या पैशातून पुष्कळांनी ट्रॅक्टर घेतले.

स्टाइनबेकने पहिल्या प्रकरणात धूळ घातली आहे, पण खरं कारण ५व्या प्रकरणात स्वच्छ मांडलं आहे. ट्रॅक्टरवरचा एक माणूस बारा-चौदा कुटुंबांचं काम करतो. ट्रॅक्टर चालवणारा गावातलाच, ओळखीच्या माणसाचा मुलगा, रोज तीन डॉलरवर. आणि त्याच्या त्या तीन डॉलरपायी शंभरेक माणसं रस्त्यावर येतात, हा हिशेब कूळ त्याच्या तोंडावर मांडतो. मग कूळ विचारतो, गोळी घालायची कोणाला? ड्रायव्हरला हुकूम देणारा वेगळा, त्याला सांगणारी बँक, बँकेला हुकूम पूर्वेकडून. शेवटी समोर माणूसच उरत नाही. संबंध कादंबरीचा प्रश्न इथे उभा राहतो.

हे प्रकरण वाचताना अवतरणचिन्हांकडेही बघा. मालकांची माणसं आणि कुळं बोलतात तिथे ती नाहीत, सगळं एका सामूहिक आवाजात वाहतं. ट्रॅक्टरवाला आणि कूळ समोरासमोर येतात तिथे ती लगेच येतात. दोन माणसं एकमेकांना ओळखतात, म्हणून त्यांना स्वतःचा आवाज आहे.

रातवा

मधली प्रकरणं वाचनगटातले बरेच जण गाळतात. 'गोष्ट पुढे सरकत नाही' ही तक्रार असते आणि ती मला पूर्ण चुकीची वाटत नाही. १४वं प्रकरण सरळसरळ प्रतिपादन आहे, तिथे लेखक व्यासपीठावर चढतो.

निळी_शाई

@रातवा, १४व्याबद्दल तसं म्हणता येईल. पण सगळ्या १६ना एकाच मापाने मोजू नका, प्रत्येकाची घडण निराळी आहे. ७वं जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याच्या तोंडी तुटक, धापा टाकणाऱ्या वाक्यांत आहे. चांगली बॅटरी काढून मेलेली बसवा, गिअरचा आवाज दबावा म्हणून भुसा भरा, असे हुकूम मधूनमधून सुटतात. ९व्यात सामान विकणारे बोलतात. १५वं तर स्वतंत्र कथा म्हणून वाचता येतं: हायवेवरचं खाणावळवजा हॉटेल, पंधरा सेंटचा पाव दहा सेंटला मागणारा माणूस, आणि पाच सेंटची एक गोळी 'पेनीला दोन' म्हणून मुलांना देणारी मे.

खरा फायदा जोडीने वाचण्यात आहे. ७वं आधी वाचलं की १०व्यात जोडांची गाडी कशी घेतली गेली असेल ते सांगावं लागत नाही. मोटार मागून कापून तिचा ट्रक केलेला, ती जुनी हडसन सुपर-सिक्स. ९व्यात 'सगळे' जे सोसतात तेच १०व्यात पा (टॉमचा बाप) १८ डॉलर हातात घेऊन परत येतो तेव्हा एका माणसाच्या चेहऱ्यावर दिसतं. १९-२०, २१-२२, २५-२६, २७-२८ याच पद्धतीने घ्या. मधलं प्रकरण नियम सांगतं, पुढचं त्या नियमाखाली सापडलेली माणसं दाखवतं. नियम गाळला की जोडांवर येणारी संकटं नुसता दैवाचा फेरा वाटतात, आणि स्टाइनबेकला नेमकं तेच होऊ द्यायचं नव्हतं.

कोयता_आणि_कागद

मजुरीचा हिशेब मी मांडतो, कारण चौथा रकाना तिथेच भरतो.

पहिलं यंत्र म्हणजे जाहिरातीचा पत्रक-कागद. १६व्या प्रकरणात कॅलिफोर्नियातून परत निघालेला फाटका माणूस ते उलगडून सांगतो. मालकाला माणसं हवीत ८००. तो पत्रकं छापतो ५,०००. ती वाचतात वीसेक हजार माणसं आणि त्यातली दोन-तीन हजार तरी निघतात. जितकी जास्त येतील आणि जितकी उपाशी असतील तितका भाव खाली. फसवणूक पत्रकातल्या मजकुरात नसून त्याच्या संख्येत आहे.

दुसरं, छोटा शेतकरीसुद्धा मोकळा नाही. २२व्या प्रकरणात टॉमला पाइपच्या चराच्या खोदाईचं काम मिळतं. मालक थॉमस ताशी ३० सेंट देत असतो. शेतकरी संघटना आणि तिच्यामागची बँक सांगते, २५ च द्यायचे, नाहीतर पुढच्या पिकाला कर्ज नाही. थॉमस मजुरांना हे स्वतः सांगतो आणि सावधही करतो: स्थलांतरित मजुरांसाठीच्या सरकारी छावणीत शनिवारच्या नाचाच्या वेळी मारामारी घडवून आणणार आहेत. का? तर वॉरंटशिवाय पोलिसांना छावणीत शिरता येत नाही, पण दंगल झाली तर येतं. २४व्या प्रकरणातला नाच या माहितीवर उभा आहे.

तिसरं, २६वं प्रकरण, हूपर रँच. पीच तोडायचे, पेटीला ५ सेंट. टॉमची पहिली पेटी फळं दबली म्हणून नाकारतात, कारण बादलीतून पेटीत फळं ओतली. घरातले सगळे मिळून पहिल्या दिवशी २० पेट्या भरतात, म्हणजे एक डॉलर. तो रोख हातात येत नाही, मालकाच्याच दुकानात चालतो आणि दुकानाचे भाव गावापेक्षा चढे. मा तिथे भाव विचारत उभी आहे तो प्रसंग सावकाश वाचा. एक डॉलरमध्ये मांस, पाव, बटाटे, कॉफी बसवताना साखर राहते, आणि दहा सेंटची साखर दुकानातला नोकर स्वतःच्या जबाबदारीवर देतो. रात्री फाटकाबाहेर टॉमला केसी भेटतो. संप त्यांचाच आहे: पाचचं सांगून अडीच द्यायला लागले म्हणून. जोडांना ५ मिळतात ते फक्त संप मोडेपर्यंत. केसीला मारतात, टॉमच्या हातून मारणारा मरतो, आणि मग दर अडीचवर येतो.

चौथं, कापूस, प्रकरण २७. शंभर पौंडांना पहिल्या वेचाचे ८० सेंट, दुसऱ्याचे ९०, कारण दुसऱ्या वेचात बोंडं विरळ. पिशवी स्वतःची नसेल तर एक डॉलरची घ्यायची, ती पहिल्या वेचणीतून कापून घेतात. काटा मारला जातो, म्हणून वेचणारे पिशवीत दगड घालतात. दोन्ही बाजूंना ते ठाऊक असतं.

बांधावरची_बोर

याला जोडून २५वं प्रकरण. संत्री ढिगाने ओतून त्यावर रॉकेल मारतात, बटाटे नदीत टाकून काठावर पहारा बसवतात, डुकरं मारून त्यावर चुना टाकतात. भाव टिकावा म्हणून. पण त्याच प्रकरणात आणखी एक बारकावा आहे, तो परीक्षेत क्वचितच कोणी लिहितो: मोठा बागायतदार डबाबंद फळांचा कारखानाही विकत घेतो. मग तो फळाचा भाव पिकवण्याच्या खर्चाखाली पाडतो. शेतकरी म्हणून झालेला तोटा तो कारखानदार म्हणून डब्याच्या भावात वसूल करतो. छोट्याकडे कारखाना नसतो, म्हणून त्याची बाग जाते. पुस्तकाच्या नावातली द्राक्षं याच प्रकरणाच्या शेवटी येतात. नाव सुचवलं पत्नी कॅरोलने, ज्यूलिया वॉर्ड हाऊच्या यादवीच्या काळातल्या गीतावरून, आणि त्या गीतामागे बायबलमधलं प्रकटीकरणाचं पुस्तक.

पिंपळपार

शिकवताना ऊसतोड कामगारांशी तुलना हमखास येते. ती कुठपर्यंत ताणावी?

कोयता_आणि_कागद

जरूर करावी, पण फरक नोंदवून. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात, मुकादम हंगामाआधी उचल देतो, टोळी कारखान्याच्या भागात जाते आणि हंगाम संपला की गावी परतते. बंधन उचलीचं असतं. जोडांना कोणी उचल दिलेली नाही आणि परत जायला घर नाही. शेजारी म्यूली ग्रेव्हजच्या गोष्टीत (प्रकरण ६) ते घर ट्रॅक्टरने ढकललेलं दिसतं. त्यांना बांधून ठेवते ती बेकारी: 'तू नाही म्हणालास तर मागे शंभर उभे आहेत.' मुकादमाच्या जवळ जाणारा माणूस २०व्या प्रकरणातला कंत्राटदार आहे. फ्लॉइड नावाचा मजूर त्याच्याकडे परवाना मागतो आणि दर कागदावर लिहून दे म्हणतो. एवढ्यावर सोबत आलेला डेप्युटी फ्लॉइडला अटक करायला पुढे होतो. दर लेखी मागणं हाच गुन्हा ठरतो, ही तुलना आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना फार नीट कळते.

शिळा_पेपर

पार्श्वभूमीत तीन गोष्टी हव्यातच. १९३६ च्या ऑक्टोबरमध्ये स्टाइनबेकने 'सॅन फ्रान्सिस्को न्यूज'साठी स्थलांतरित मजुरांवर सात लेखांची मालिका लिहिली. दुसऱ्या लेखात तीन कुटुंबांचं वर्णन आहे, एकापेक्षा एक खाली घसरलेलं. कादंबरीतल्या हूव्हरव्हिलचा कच्चा माल तिथे सापडतो. दुसरं, टॉम कॉलिन्स, कर्न काउंटीतल्या आर्विनच्या सरकारी छावणीचा व्यवस्थापक. त्याच्या अहवालांतून बोली, गाणी, छावणीचे नियम आले. अर्पणपत्रिकेतला टॉम हाच. तिसरं, १९३५ च्या कामगार संघटना कायद्याने शेतमजुरांना संरक्षणातून वगळलं होतं. केसीच्या संपाला कायद्याचा आधार का नव्हता ते यावरून कळतं.

पुस्तक १४ एप्रिल १९३९ ला आलं. ऑगस्टमध्ये कर्न काउंटीच्या मंडळाने ४ विरुद्ध १ मतांनी काउंटीच्या ग्रंथालयांतून आणि शाळांतून ते हटवलं. ग्रंथपाल ग्रेचन नीफ यांनी लेखी विरोध केला. बंदी उठली जानेवारी १९४१ मध्ये. १९४० चं पुलित्झर मधल्या काळात मिळालं होतं.

सावलीतला_बाक

एक आक्षेप मांडायलाच हवा. १९३३ च्या सॅन वाकीन खोऱ्यातल्या कापूस संपात सुमारे १८,००० मजूर होते आणि त्यातले बहुसंख्य मेक्सिकन. मागणी शंभर पौंडांना एक डॉलरची, मालक देत होते ६० सेंट, तोड निघाली ७५ वर. कादंबरीत मात्र संपकरी, छावणीवासी, वेचणारे जवळजवळ सगळे गोरे. १९व्या प्रकरणात चिनी, जपानी, मेक्सिकन, फिलिपिनो मजुरांचा उल्लेख इतिहास म्हणून येतो आणि संपतो. कॅलिफोर्नियाच्या शेतमजुरांचं संपूर्ण चित्र म्हणून ही कादंबरी वाचू नये.

आणि सॅनोरा बॅबचं नाव अभ्यासात आलं पाहिजे. त्या याच छावण्यांत काम करत होत्या. त्यांची 'हूज नेम्स आर अननोन' ही कादंबरी रँडम हाउसने १९३९ मध्ये थांबवली, कारण स्टाइनबेकचं पुस्तक बाजार व्यापून बसलं होतं. ती छापून आली २००४ मध्ये. बॅब स्वतः त्याच कोरडवाहू पट्ट्यातल्या, त्यामुळे त्यांच्याकडे धूळ आतून येते.

निळी_शाई

@सावलीतला_बाक, आक्षेप मान्य आहे. त्यामागचं एक कारणही नोंदवू या. मालिकेतच स्टाइनबेक म्हणत होता की हे नवे मजूर अमेरिकन नागरिक आहेत, त्यांना हाकलून देता येणार नाही. गोऱ्या वाचकाला हलवण्यासाठी उचललेला हा मुद्दा होता. त्याची किंमत मेक्सिकन आणि फिलिपिनो मजुरांच्या अदृश्यतेने चुकवली गेली. उत्तरात दोन्ही लिहा.

रातवा

शेवटाबद्दल? मृत मूल जन्मल्यावर रोझ ऑफ शॅरन कोठारात उपाशी अनोळखी माणसाला दूध पाजते. वर्गात या प्रसंगावर अवघडलेपण येतं.

घाटवाट

प्रकाशनाआधी संपादक पास्कल कोविसी यांनीही तो शेवट बदलायला सुचवलं होतं. स्टाइनबेकने ठाम नकार दिला. तो माणूस अनोळखी आहे आणि अनोळखीच राहिला पाहिजे, हा त्याचा आग्रह होता. त्यामुळे वर्गात प्रश्न असा ठेवा: पहिल्या अर्ध्या भागात मा कोणासाठी अन्न राखते आणि शेवटी कोणासाठी? १६व्या प्रकरणात कुटुंब फुटू नये म्हणून ती जॅकचा दांडा हातात घेऊन उभी राहते. २०व्यात हूव्हरव्हिलची उपाशी मुलं भांड्याभोवती गोळा होतात तेव्हा घरच्यांना वाढून तळाचं त्यांना देते, आणि त्याने तिचा जीव टांगणीला लागतो. या दोन जागा आधी वाचून घेतल्या की कोठारातल्या प्रसंगापर्यंत वर्ग आपोआप पोचतो. आईच्या आणि मुलीच्या एका नजरेत तो निर्णय होतो, तोंडून शब्द न काढता.

पिंपळपार

सिनेमा दाखवावा का?

शिळा_पेपर

जॉन फोर्डचा १९४० चा जरूर दाखवा, पण पुस्तक संपल्यावर. त्यात क्रम उलटा आहे. पुस्तकात सरकारी छावणी आधी (२२, २४) आणि पीचचं रँच नंतर (२६). सिनेमात रँच आधी आणि छावणी शेवटाकडे, त्यामुळे कथा वर चढत जाते. पूर आणि कोठार गाळलेलं आहे, शेवटी माचं आशावादी बोलणं. आधी सिनेमा पाहिलेले विद्यार्थी परीक्षेत बेधडक लिहितात की सरकारी छावणीत कुटुंबाची दैना संपली. पुस्तकात ते महिनाभरात तिथून बाहेर पडतात, कारण छावणीत न्हाणीघरं आहेत, निवडून आलेली समिती आहे, पोलिसांपासून संरक्षण आहे, पण आसपास काम नाही. आठवड्याचा एक डॉलर भाडं श्रम करून फेडता येतं, पोट तसं भरत नाही.

निळी_शाई

वेळ कमी असणाऱ्यांसाठी: आठ बैठका पुरतात. १ ते ६, ७ ते ११, १२ ते १५, १६ ते १८, १९ ते २१, २२ ते २५, २६ एकटं, २७ ते ३०. २६वं सगळ्यात लांब प्रकरणांपैकी आहे आणि मजुरी, दुकान, संप, खून सगळं त्यात आहे, त्याला बैठक स्वतंत्र ठेवा. बोलीभाषा अडत असेल तर संवाद मोठ्याने वाचा, गाळलेली अक्षरं कानाला भरून काढता येतात. ज्यांना लेखनप्रक्रियेवर प्रकल्प करायचा आहे त्यांनी स्टाइनबेकची त्या काळातली रोजनिशी पाहावी. ती १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली. १९३८ च्या मेच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत रोज किती लिहून झालं, कुठे अडलं, हे त्यात तारीखवार आहे. तिच्यातल्या तारखा वहीच्या पाचव्या रकान्यात घालता येतील.